वाइनचा व्यवसाय सुरू करताना: द्राक्षबाग सर्वांत शेवटी

वाइनचा व्यवसाय करायचे मनात घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सर्वप्रथम द्राक्षबाग उभी राहते, आणि त्याचा पहिला मोठा खर्चही बहुधा जमिनीवरच होतो. या लेखात सुचवलेला क्रम नेमका उलटा आहे. कोणत्या गिऱ्हाइकाला, कोणत्या मार्गाने आणि वर्षाला किती पेट्या विकता येतील याचा अंदाज आधी बांधावा. मग विकत घेतलेल्या द्राक्षांपासून, दुसऱ्याच्या वाइनरीत, मोजकीच वाइन करून घ्यावी. आणि ती दोन-तीन हंगाम विकली गेल्यावरच स्वतःच्या टाक्या, इमारत व सरतेशेवटी जमीन यांच्याकडे वळावे. या क्रमामागे दोन कारणे आहेत. या धंद्यात पैसा वर्षानुवर्षे अडकून पडतो, आणि झालेली चूक सुधारायची तर पुढच्या सुगीपर्यंत थांबावे लागते.

पैशाचे वेळापत्रक

द्राक्षाची वेल लावल्यानंतर वाइन करण्याजोगे पहिले पीक साधारण तिसऱ्या वर्षी येते आणि बाग पूर्ण भरात यायला आणखी दोन-तीन वर्षे जातात. त्या पहिल्या पिकापासून ताजी पांढरी वाइन केली तर ती सहा-नऊ महिन्यांत बाजारात जाऊ शकते; पण लाकडी पिंपात मुरवायची लाल वाइन असेल तर पिंपात बारा ते अठरा महिने आणि बाटलीत आणखी काही महिने धरावे लागतात. शॅम्पेनच्या बाबतीत तर नियमच असा आहे की, विशिष्ट सालाचा उल्लेख नसलेली बाटलीसुद्धा भरल्यापासून किमान पंधरा महिने आणि सालाचा उल्लेख असलेली किमान तीन वर्षे तळघरात राहिली पाहिजे. म्हणजे आज जमीन घेणाऱ्याला स्वतःच्या बागेतल्या लाल वाइनचा पहिला पैसा दिसायला पाच-सहा वर्षे लागतात, आणि तोवर छाटणी, फवारणी, मजुरी, वीज आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

जमीन न घेताही हे गणित पूर्णपणे टळत नाही. समजा, एका हंगामाची लाल वाइन सुगीपासून दोन वर्षांनी विक्रीला निघते. ती निघेपर्यंत दुसऱ्या हंगामाची द्राक्षे घेऊन झालेली असतात आणि तिसऱ्या हंगामाचे पैसे देण्याची वेळ येऊन ठेपलेली असते. पहिला रुपया हाती येण्याआधी जवळजवळ तीन सुगींचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. त्यात दरवर्षी उत्पादन वाढवत नेले, तर पहिल्या सालाच्या विक्रीतून आलेला पैसा चौथ्या सालाची अधिक द्राक्षे गिळून टाकतात, आणि हिशेबाच्या वहीत नफा दिसत असताना बँकेतले खाते रिकामे राहते. छोट्या वाइनरी अडचणीत येतात त्या वाइन वाईट झाली म्हणूनच येतात असे नाही. खेळते भांडवल संपल्यामुळेही येतात. म्हणून पहिल्या सालाच्या उत्पादनात थोडी पांढरी किंवा रोझे वाइन अवश्य ठेवावी. ती लवकर विकली जाते आणि पिंपातल्या लाल वाइनला थांबायला अवधी देते.

बाग नसताना चांगली वाइन होणार कशी, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर १९७६ साली पॅरिसमध्ये मिळाले. तिथले वाइनविक्रेते स्टीव्हन स्परिअर यांनी भरवलेल्या, लेबले झाकून झालेल्या चवचाचणीत फ्रेंच परीक्षकांनी नामांकित फ्रेंच वाइनपेक्षा कॅलिफोर्नियाच्या दोन वाइनना वरचा क्रम दिला. त्यांपैकी पांढरी वाइन, म्हणजे शातो माँतेलेना या वाइनरीची १९७३ ची शार्दने, मुख्यतः इतर बागायतदारांकडून विकत घेतलेल्या द्राक्षांची होती. स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची लाल वाइन स्वतःच्या बागेतली होती खरी, पण ती बाग अवघी तीन वर्षांची होती, आणि वाइनरी काढण्यापूर्वी वॉरन विनियार्स्की यांनी इतरांच्या तळघरांत काही वर्षे काम केले होते. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातली मोठी वाइन-घराणीही आपल्या गरजेतली बरीचशी द्राक्षे बागायतदारांकडून घेतात.

विनियार्स्कींच्या या उमेदवारीचे अनुकरण करता येण्याजोगे आहे. उत्तर गोलार्धात सुगी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येते, त्यामुळे हौशी माणसाला एका वर्षात दोन सुगींवर हात चालवता येतो. टाक्या धुण्यात, चोथा उपसण्यात आणि रात्री दोन वाजता पंप दुरुस्त करण्यात गेलेला एक हंगाम कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा लवकर सांगतो की हे काम आपल्याला झेपणार आहे की नाही.

द्राक्षांचा करार

विकतच्या द्राक्षांवर उभ्या असलेल्या व्यवसायाचा खरा पाया म्हणजे बागायतदाराशी केलेला करार, आणि नवशिके याच ठिकाणी घाई करतात. पहिला प्रश्न मोबदला कशावर द्यायचा हा असतो. वजनावर पैसे दिले तर वेलीवर जास्तीत जास्त घड ठेवण्यात बागायतदाराचे हित असते, तर तुम्हाला अनेकदा घड विरळ केलेली, एकसारखी पिकलेली फळे हवी असतात. क्षेत्रफळावर पैसे दिले तर विरळणी, पानकाढणी आणि तोडणीची तारीख तुम्ही ठरवू शकता. मात्र गारपीट झाली किंवा पीकच कमी आले तर तो तोटाही तुमच्याच माथी येतो. पहिल्या वर्षी वजनावर, परंतु गुणवत्तेच्या स्पष्ट अटींसह करार करावा, आणि दोन हंगामांत परस्परांचा विश्वास बसल्यावर ठरावीक ओळी क्षेत्रफळावर घ्याव्यात, असे मी सुचवेन.

गुणवत्तेच्या अटी आकड्यांत लिहाव्यात. साखरेचे प्रमाण ब्रिक्समध्ये, सोबत पीएच (हा आकडा जितका कमी तितका रस आंबट) आणि आम्लता, कुजलेल्या मण्यांची कमाल टक्केवारी, क्रेटचा आकार, फळ पोचण्याची वेळ आणि नमुना कोणी, कसा घ्यायचा हे सारे कागदावर असावे. एक अंश ब्रिक्सपासून साधारण ०.५५ ते ०.६ टक्के अल्कोहोल तयार होते, त्यामुळे २४ ब्रिक्सला तोडलेल्या द्राक्षांची वाइन साडेतेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास जाते. अल्कोहोलच्या प्रमाणानुसार शुल्काचा दर बदलतो अशा देशात हा प्रश्न चवीपुरता राहत नाही. तसेच एकाच बागेवर विसंबू नये. एप्रिल २०२१ मधल्या हिमकडाक्याने फ्रान्सच्या अनेक भागांतले कोवळे फुटवे जळाले आणि २०२० च्या वणव्यांच्या धुराने कॅलिफोर्नियातल्या कित्येक बागांची द्राक्षे वाइनच्या कामाची राहिली नाहीत. धुराचा वास मण्याच्या सालीतून वाइनमध्ये उतरतो आणि तिथून तो काढणे फार अवघड असते. म्हणून धुराची शक्यता असलेल्या प्रदेशात फळ नाकारण्याचा अधिकार करारात लिहून घ्यावा.

मागणी नोंदवण्याआधी मापे डोक्यात पक्की बसलेली असावीत. एक टन द्राक्षांपासून अंदाजे ६०० ते ७०० लिटर तयार वाइन मिळते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या आठशे-नऊशे बाटल्या किंवा बारा बाटल्यांच्या सुमारे सत्तर पेट्या. बोर्दो पद्धतीच्या २२५ लिटरच्या एका पिंपातून ३०० बाटल्या भरतात, पण लाकडातून वर्षाला काही टक्के वाइन उडून जाते आणि ती तूट वरचेवर भरून काढावी लागते, म्हणून भरण्यासाठी वेगळी वाइन राखून ठेवावी लागते. पहिल्या सुगीला पाच-सहा टनांपलीकडे जाऊ नये. साडेतीनशे-चारशे पेट्या विकून पाहिल्याशिवाय त्या किती होतात याची कल्पना येत नाही.

दुसऱ्याच्या वाइनरीत

शुल्क घेऊन इतरांसाठी वाइन करून देणाऱ्या वाइनरी वाइनच्या बहुतेक प्रदेशांत असतात. तिथे जागा घेताना भाड्याच्या दरापेक्षा पुढच्या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची ठरतात. सुगीच्या ऐन गर्दीत सगळ्यांचीच फळे एकदम आली तर टाकी आधी कोणाला मिळणार? गाळप, निवळणी आणि गाळणी यांत किती टक्के घट मान्य धरायची? टाकीत काही मिसळण्यापूर्वी तुमची लेखी संमती लागेल का? विमा कोणाचा? आणि यजमान वाइनरीच दिवाळखोरीत गेली तर टाकीतली वाइन तुमच्या मालकीची आहे हे सिद्ध करणारा कागद तुमच्याजवळ आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारणे अनेकांना अशुभ वाटते, परंतु तो विचारलाच पाहिजे.

वाइनमेकर पगारी असो वा सल्लागार, मालकाला चार-पाच आकडे स्वतः वाचता आले पाहिजेत: ब्रिक्स, पीएच, एकूण आम्लता, उडनशील आम्लता (व्हिनेगरसारखा आंबटपणा) आणि मुक्त, म्हणजे इतर घटकांशी न जोडला गेलेला, सल्फर डायऑक्साइड. यांतले शेवटचे प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण वाइन टिकणे त्यावर अवलंबून असते आणि त्याचे प्रमाण पीएचवर ठरते. जंतूंना रोखणारा भाग हा मुक्त सल्फर डायऑक्साइडचा अगदी लहान अंश असतो, आणि पीएच वाढत जाईल तसा तो आणखी घटतो. या परिणामकारक अंशाची पातळी लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम राखायची असेल, तर ३.२ पीएचच्या वाइनला सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.५ ला ४० लागतो आणि ३.८ ला जवळजवळ ८०. म्हणजे जास्त पिकवलेल्या, आम्लता गमावलेल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला वाचवण्यासाठी चौपट रसायन घालावे लागते. ‘आम्ही सल्फर कमी वापरतो’ असे लेबलावर मिरवायचे असेल, तर त्याचा निर्णय बागेत, तोडणीच्या दिवशीच झालेला असतो.

तापमानाबाबत थोडक्यात: पांढरा रस साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअसला आणि लाल २५ ते ३० अंशांच्या दरम्यान आंबवतात. आंबताना रस स्वतःच तापत जातो, त्यामुळे टाकी थंड करण्याची सोय नसलेल्या ठिकाणी पांढरी वाइन करण्याच्या फंदात पडू नये.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र थोडक्यात उरकता येत नाही. एक लिटर रस आंबताना चाळीस लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी आणि तळघराच्या सखल भागात साचून राहतो. चोथा काढायला टाकीत उतरलेला कामगार बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला धावलेला दुसराही त्याच्यावर कोसळतो, अशा दुर्घटना वाइन करणाऱ्या अनेक देशांत घडल्या आहेत. वायूमापक यंत्र, खेळती हवा, आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय कोणीही टाकीत उतरणार नाही हा नियम, या गोष्टींसाठी काटकसर करू नये.

बाटली भरण्याचा दिवस हा वर्षभराचे काम एका दुपारी बिघडवू शकणारा दिवस असतो. वाइनमध्ये थोडी साखर उरली असेल आणि गाळणी पुरेशी बारीक नसेल, तर बाटलीत पुन्हा किण्वन सुरू होऊन बूच उडते. बाटल्या, बुचे, लेबले आणि खोकी यांची मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते; बाटल्या वेळेवर न आल्यामुळे वाइन टाकीतच अडकली आणि ती टाकी नव्या सुगीला मोकळी झाली नाही, ही तक्रार या धंद्यात नेहमीची आहे. नैसर्गिक बुचातून टीसीए नावाच्या संयुगाचा कुबट वास वाइनमध्ये उतरण्याचा धोका असतो. फिरकीच्या झाकणाने तो धोका जवळजवळ नाहीसा होतो, पण काही बाजारांत गिऱ्हाईक अजूनही बुचालाच प्रतिष्ठा देते. तुमचे गिऱ्हाईक कोण आहे हे आधी ठरले असेल, तर या वादावर वेळ घालवावा लागत नाही.

परवाने आणि लेबल

परवान्यांचे तपशील देशागणिक बदलतात, पण चौकट सारखीच असते: उत्पादनाचा परवाना, अबकारी खात्याची नोंदणी, लेबलाची मंजुरी आणि विक्रीचा परवाना. विक्रीचे मार्ग मात्र अगदी निराळे असू शकतात. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठल्यानंतर उत्पादक, वितरक आणि विक्रेता अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था रूढ झाली, आणि तिचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. स्वीडनमध्ये घरी न्यायची वाइन सिस्टिमबोलागेट या सरकारी दुकानांतून आणि नॉर्वेमध्ये विनमोनोपोलेटमधून घेतली जाते. तिथे शेकडो दुकानदारांची मने वळवण्याऐवजी एका खरेदीदाराच्या निविदेत बसावे लागते. परवाने मिळायला महिने लागतात आणि द्राक्षे कोणाच्या परवान्यासाठी थांबत नाहीत. म्हणून अर्ज सुगीच्या किमान वर्षभर आधी करावा, आणि दुसऱ्याच्या परवान्याखाली वाइन करून घेता येते का हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

बऱ्याच देशांत शुल्क न भरता वाइन सरकारी देखरेखीखालील गोदामात ठेवता येते आणि ती तिथून विक्रीसाठी बाहेर पडली की शुल्क लागू होते. दोन वर्षे मुरणाऱ्या मालावर आधीच शुल्क भरून बसण्यापेक्षा ही सवलत घेणे केव्हाही शहाणपणाचे.

लेबलावरचा प्रत्येक शब्द कायद्याच्या कक्षेत येतो. द्राक्षाच्या एकाच वाणाचे नाव छापायचे असेल तर युरोपीय संघात किमान ८५ टक्के आणि अमेरिकेत सर्वसाधारणपणे ७५ टक्के वाइन त्या वाणाची असावी लागते. लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सल्फाइट (म्हणजे वर आलेला सल्फर डायऑक्साइड) असल्यास तसे छापणे दोन्हीकडे सक्तीचे आहे, आणि हे प्रमाण इतके कमी आहे की जवळजवळ प्रत्येक वाइन त्यात येते. ८ डिसेंबर २०२३ पासून युरोपीय संघात नव्या वाइनसाठी घटक आणि पोषणमूल्ये देणेही बंधनकारक झाले असून त्यांतला बराचसा तपशील क्यूआर कोडमागे ठेवता येतो. नाव ठरवण्यापूर्वी, ज्या ज्या देशांत विकण्याची शक्यता आहे तिथल्या व्यापारचिन्हांच्या नोंदी तपासाव्यात. शॅम्पेनसारखी भौगोलिक नावे तर युरोपीय संघात आणि इतर अनेक देशांत त्या प्रदेशाबाहेरच्या उत्पादकाला वापरताच येत नाहीत.

किंमत उलट्या दिशेने

वाइनची किंमत खर्चावर नफा चढवून ठरवण्याची पद्धत फसवी आहे. दुकानातल्या फळीवरच्या किमतीपासून मागे यावे. समजा, गिऱ्हाईक एका बाटलीला शंभर देते. त्यातले पंधरा विक्रीकरात गेले असे धरले तर पंच्याऐंशी उरतात. त्यावर विक्रेत्याने तीस टक्के ठेवले तर सुमारे साठ. त्यातून वितरकाने पाव हिस्सा घेतला तर पंचेचाळीस. आणि अबकारी शुल्क व वाहतूक यांना दहा दिले तर तुमच्या हाती पस्तीस येतात. त्या पस्तिसांत द्राक्षे, वाइनरीचे भाडे, बाटली, बूच, लेबल, खोके, नमुन्यादाखल फुकट दिलेल्या बाटल्या आणि दोन वर्षांचे व्याज बसवायचे असते. हीच बाटली तुम्ही थेट विकली तर शंभरातले पंच्याहत्तरच्या आसपास तुमच्याकडे राहतात. प्रमाणे प्रत्येक बाजारात वेगळी असतील, पण आपल्या बाजाराचे आकडे घालून हे गणित द्राक्षे घेण्याआधी केलेच पाहिजे, कारण ते केल्यावर कित्येकदा कळते की ठरवलेल्या किमतीत ठरवलेली वाइन बसतच नाही.

या गणितावरून छोट्या उत्पादकाने थेट विक्रीवर भर द्यावा हे उघड आहे. वाइनरीत येणारे पाहुणे आणि दरवर्षी ठरावीक पेट्या घेणारे वर्गणीदार हे त्याचे दोन मुख्य मार्ग. पाहुण्यांना वाइन देण्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळा परवाना लागतो. उपाहारगृहांत पेल्याने विकल्या जाणाऱ्या वाइनच्या यादीत नाव लागले तर खप नियमित राहतो, पण तिथे भाव कमी मिळतो आणि उधारी लांबते. वितरकाशी करार करताना तो मोडण्याची अट आधी वाचावी, कारण काही ठिकाणी वितरक बदलणे कायद्यानेच फार अवघड केलेले आहे.

एकाच बाजारावर भिस्त ठेवण्याचा धोका ऑस्ट्रेलियाने अनुभवला. मूल्याच्या दृष्टीने चीन हा ऑस्ट्रेलियन वाइनचा सर्वांत मोठा ग्राहक झालेला असताना २०२० च्या अखेरीस चीनने जबर आयातशुल्क लावले, ते दोनशे टक्क्यांच्या वर गेले, आणि मार्च २०२४ मध्ये उठेपर्यंत ती बाजारपेठ जवळजवळ बंद राहिली. शिवाय एकूण खपही आटतो आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे २१.४ कोटी हेक्टोलिटर वाइन खपली, आणि हा आकडा तोवर १९६१ नंतरचा सर्वांत कमी होता. नव्या उत्पादकाला जागा नाही असा याचा अर्थ होत नाही, पण ‘मागणी वाढतच जाईल’ या गृहीतकावर कर्ज काढू नये एवढे तरी त्यातून निघते.

जमीन केव्हा घ्यावी

विक्रीच्या पहिल्या वर्षी ओळखीपाळखीचे लोक कौतुकाने वाइन घेतात, म्हणून त्या आकड्यावर काही ठरवू नये. दुसऱ्या सालाच्या वाइनसाठी जुन्यांपैकी किती जण परत येतात याची नोंद ठेवावी. सलग तीन सालांचा माल पुढचा माल तयार होण्याआधी संपत असेल, हवी तशी द्राक्षे कराराने मिळत नसतील, आणि बाग पूर्ण भरात येईपर्यंतचा खर्च सध्याच्या विक्रीतून भागत असेल, तर जमिनीचा शोध सुरू करावा. त्यानंतरही आधी मातीची तपासणी, पाण्याचा निचरा आणि वसंतातल्या कडाक्याच्या थंडीच्या जुन्या नोंदी पाहाव्यात. लागवड बहुतेक ठिकाणी खुंटावर कलम केलेल्या रोपांचीच करावी लागते, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड आजही जमिनीत आहे आणि तिच्यावर अमेरिकी वेलींचे खुंट हाच टिकाऊ उपाय ठरला आहे. कोणता खुंट घ्यायचा हे मातीतला चुना, ओलावा आणि सूत्रकृमी यांवर ठरते. रोपवाटिकेला वाण व खुंट यांची जोडी कळवून साधारण वर्षभर आधी मागणी द्यावी लागते, आणि रोपे विषाणुमुक्त असल्याचे प्रमाणपत्र पैसे देण्यापूर्वीच मागून घ्यावे.